काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

आमच्या शाळेत कम्प्युटर आले ते मलकापूरहून, एका टेम्पोत, सरकीच्या ढेपेच्या पोत्यांना टेकून. मलकापुरातल्या एका कचेरीनं नवे घेतले होते, जुने काढून टाकायचे होते, आणि आमच्या संस्थेतल्या एकाची तिथे ओळख होती. शाळा वडनेर भोलजीच्या पलीकडच्या एका खेड्यात. मी तिथे विज्ञान शिकवायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मलकापूरच्या क्लासला जाऊन थोडंफार कम्प्युटर शिकलो होतो, एवढ्या भांडवलावर ती सगळी यंत्रं माझ्या गळ्यात पडली.

त्यांच्यात काहीच नव्हतं. देताना डिस्क पुसून दिल्या होत्या. यंत्र चालवायला तेव्हा सगळीकडे असायची ती प्रणाली टाकून पाहिली, तर यंत्र सुरू होईस्तोवर निम्मा तास संपायचा. सुरू झालं तरी एक खिडकी उघडली की दुसरी उघडायची नाही. मेमरीच तेवढी नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, झाकून ठेवा. तपासणी आली की दाखवता येतील." मी झाकूनच ठेवणार होतो. गणिताच्या सरांनी ते होऊ दिलं नाही.

गणिताचे सर म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र. वडनेरला आम्ही एका वर्गात, एका बाकावर शिकलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शाळेच्या भिंतीवर राज्याचा नवा नकाशा लावलेला होता आणि आमचा जिल्हा कुठे आहे ते मास्तर आम्हाला काडीनं दाखवायचे. आमचं घर कुणब्यांचं, त्याचं बौद्धांचं. त्याचे वडील मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये हमाल होते. ते मोठेपणी, लग्न झाल्यावर अक्षरं शिकले, पण वेगानं वाचणं त्यांना जमायचं नाही. म्हणून कामावरून येताना ते पेपर घेऊन यायचे आणि पोराला वाचायला बसवायचे. ओट्यावर शेजारपाजारचे लोक येऊन बसत. हा कंदील इतका जवळ घ्यायचा की काच त्याच्या कपाळाला लागेल असं वाटायचं. पण वाचायचा मात्र खणखणीत. आख्ख्या वस्तीत त्याची ओळख 'वाचणारा पोट्टा' अशी होती.

दिवस मावळला की तो माझ्या शर्टाचं टोक धरून चालायचा. आम्हा पोरांना वाटायचं, हा अंधाराला भितो. रातांधळा आहे असंही कोणी म्हणायचं. गाजरं खा, शेवग्याचा पाला खा, असं सांगायचे, आणि तो खायचा.

पुढे आम्ही दोघंही मास्तर झालो आणि फिरून फिरून एकाच शाळेत आलो. कम्प्युटर आले त्याच्या थोडं आधी मी त्याला अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, उजेड मारून पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा वाळत चालला आहे, जन्मापासूनच. बाजूची नजर गेलेली आहे, आता मधली जाईल. उपाय नाही. येताना एस.टी.त तो खिडकीशी बसला. बाळापूर गेलं, खामगाव गेलं, तरी बोलला नाही. नांदुरा आलं तेव्हा म्हणाला, "शाळेत सांगू नोको."

"अन् शिकवशीन कसं?"

"फळा तं दिसते ना अजून. समोरचं दिसते. नळीतून पाह्यल्यावानी दिसते, पन दिसते."

तर त्या नळीतून पाहणाऱ्या माणसानं एका मासिकात वाचलं होतं की कम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, रंग उलटे करता येतात आणि लिहिलेलं वाचूनही दाखवता येतं. टेम्पो उतरवला त्या दिवशी तो प्रत्येक यंत्रावरून हात फिरवत होता. मला म्हणाला, "हे झाकून ठिवाचे नाही. आपन चालू करू."

"यात काही चालत नाही रे. मेमरी नाही."

"हल्कं काही मिळत असन ना?"

मिळत होतं. मलकापूरच्या क्लासवाल्याकडे कम्प्युटरची मासिकं यायची आणि त्यांच्याबरोबर लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीच्या सीड्या यायच्या. त्यातली एक अगदी लहान होती, जुन्या यंत्रांसाठीच बनवलेली. तिची खुबी अशी की ती आपल्याला हवी तशी करून घेता यायची: नको ते काढायचं, हवं ते घालायचं, सगळं आपल्या पसंतीनं ठरवायचं आणि त्याची पुन्हा नवी सीडी करायची. ती सीडी ज्या यंत्रात घालाल ते यंत्र आपण ठरवलं तसं उभं राहायचं. मी हे त्याला समजावून सांगत होतो. बोलता बोलता 'डिफॉल्ट' हा शब्द आला. तो म्हणाला, "म्हंजे?"

"म्हणजे कोणी काहीच केलं नाही तर जे राहतं ते."

त्यानं थोडा विचार केला. मग जे बोलला ते मला अजून त्याच्या आवाजात आठवतं. "मंग साऱ्याच कम्प्युटरवर अक्षर मोठं ठिव. सुरवातीपासूनच. पोट्ट्याईले वाटीन कम्प्युटर असाच असते. माह्यासाठी केलं असं कोनाले कळनार नाही."

म्हणजे त्याला एकट्याला सोय नको होती. एकट्याची सोय केली की ती दिसते आणि माणूस दिसतो. सगळ्यांचंच तसं असलं की कोणी विचारत नाही. मी हो म्हणालो.

त्या वर्षीचा पावसाळा आणि हिवाळा आमचा त्यातच गेला. शाळा सुटल्यावर, उजेड असेस्तोवर, आम्ही प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसायचो. मी कीबोर्डवर, तो पडद्याच्या अगदी पुढ्यात, मान जराशी वाकडी करून, त्याच्या नळीत पडदा सापडेल अशा बेतानं.

पहिली गोष्ट, जमिनीवरचं चित्र काढून टाकलं. जमीन म्हणजे खिडक्यांच्या मागे असतं ते. त्या प्रणालीबरोबर डोंगर-तळ्याचं एक छान चित्र यायचं. तो म्हणाला, "याच्यावर चिन्हं सापडतच नाहीत, काळं कर." काळं केलं. मग अक्षरं पांढरी करून पाहिली, हिरवी करून पाहिली. पिवळ्यावर तो थांबला. "हे फळ्यावर पिवळ्या खडूनं लिहिल्यावानी आहे," म्हणाला, आणि ते ठरलं.

माउसचा बाण त्याला सापडायचाच नाही. नळीच्या बाहेर गेला की गेला. मी सगळ्यात जाड बाण लावला, तरी तो मान इकडून तिकडे फिरवत शोधत राहायचा. शेवटी एक सोय सापडली: कंट्रोलची कळ दाबली की बाणाभोवती मोठी वर्तुळं उमटायची. ते सुरू करून ठेवलं. दोनदा टिचकी मारायची सवय मोडली, एकदाच मारली की उघडेल असं केलं. खिडक्या कुठेही उघडायच्या, म्हणून प्रत्येक खिडकी पूर्ण पडदाभर आणि मेनू कायम डाव्या वरच्या कोपऱ्यात, असं बांधून टाकलं. पासवर्ड काढला. इंटरनेट नव्हतंच, तेव्हा नव्या आवृत्त्या शोधत बसण्याचं कामही बंद केलं.

लिहायचं साधन कोणतं ठेवायचं यावर मात्र आमचं वाजलं. सगळ्यात हलकं होतं ते झटकन उघडायचं, पण त्यात मराठी मोडायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. 'विज्ञान' लिहिलं तर तो शब्द कोणीतरी दगडानं ठेचल्यासारखा दिसायचा. मराठी नीट दाखवणारं मोठं साधन होतं, पण ते जड. ते ठेवलं तर बोलणाऱ्या प्रोग्रामला जागा उरत नव्हती.

मी म्हणालो, "हलकं ठेवू. पोरं इंग्रजीतच टाईप करतील, परीक्षेला तेच लागतं."

"काऊन? मराठीतून शिकून राह्यले अन् इंग्रजीत टाईप करतीन?"

"तुला बोलणारं पाहिजे की नको?"

"बोलनारं बी पाह्यजे अन् मराठी बी पाह्यजे. तू शोध ना बे. तू काय म्हातारा झाला काय?"

मी मलकापूरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसायचो. रविवारी सकाळी दुकान रिकामं असायचं. एक मधलं साधन सापडलं, नाव कोणाला माहीत नाही असं, हलकं आणि वेलांटी जागेवर ठेवणारं. ते घेऊन आलो आणि त्यात पहिला शब्द 'विज्ञान' लिहून दाखवला. तो पडद्याला नाक लावून पाहत राहिला. "बरोबर आहे," म्हणाला. एवढंच. पण त्या दिवशी त्यानं मला स्टँडवर नेऊन भजी खाऊ घातली.

कीबोर्डची मांडणी त्यानंच निवडली. इंग्रजी अक्षरावरून मराठी उमटवणारी सोपी मांडणी मुलांना आवडली असती. त्यानं दुसरी घ्यायला लावली, जिच्यात स्वर सगळे डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात. "हे डोये मिटून बी सापडते," म्हणाला. डोळे मिटून टाईप करायची सवय त्यानं तेव्हापासूनच सुरू केली होती.

एक दिवस मी बाहेर पाणी प्यायला गेलो आणि येऊन पाहतो तर तो खुर्चीत ताठ बसलेला, दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली, चेहरा राखेसारखा. मी म्हणालो, "काय झालं?"

"आला काय?" तो हळूच म्हणाला. "गेलं बे. सारंच गेलं. एकदमच गेलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. काही वेळ हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो, तसा तो झाला होता. पावसाळी दिवस होता, खोलीत उजेड कमी, आणि त्याच्या नळीत त्या पडद्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मी एक कळ दाबली. पिवळी अक्षरं परत आली. तो हसला नाही. त्यानं पडद्याच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ते बंद कर. कधीच काळं नाही झालं पाह्यजे." मी ते तेव्हाच्या तेव्हा बंद केलं, सगळ्या यंत्रांवर. वीज जास्त जाते, पडदा लवकर खराब होतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. जाऊ दे म्हटलं.

बोलणारा प्रोग्राम आला तो हिंदी बोलणारा. मराठीचा तेव्हा नव्हता, म्हणून हिंदीवर मराठी वाचून घ्यायची. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. 'काळा फळा' याला तो 'काला फला' म्हणायचा, 'शाळा'ला 'शाला'. आम्ही दोघं पोट धरून हसलो. "हा कोन्या गावचा पाहुना आहे बे?" असं तो विचारत राहिला. पण आवाज सुरू असला की लिहिण्याचं साधन अडखळायचं, एक अक्षर दाबलं की थांबून उमटायचं. मी म्हणालो, आवाज बंद ठेवू, हवा तेव्हा सुरू करू. त्यानं ऐकलं नाही. "मले जवा पाह्यजे तवा मले बटन दिसनार नाही," म्हणाला. ते खरंच होतं. आवाज सुरू राहिला.

आमचं काम चालू असतानाच मुलांचे तास सुरू झाले. पहिल्या दिवशी सगळी यंत्रं एकदम बोलायला लागली आणि वर्ग हसून हसून लोळला. मुलं मुद्दाम शिव्या टाईप करून यंत्राकडून वदवून घ्यायची. मुख्याध्यापक धावत आले. "सर, हे काय आहे? शेजारी दहावीचा वर्ग चालू आहे." मग आवाज बंद करावा लागला. एका यंत्राला कानाला लावायचा हेडफोन जोडून ठेवला, तेवढं त्याचं.

बाकी सेटिंग राहिल्या. मुलांनी थोडी कुरकुर केली: अक्षर फार मोठं आहे, दोनच ओळी मावतात. पण बदललं कोणी नाही. तो म्हणायचा, "पाह्य, म्या सांगितलं होतं. जे असते तेच राह्यते." त्या दिवसांत तो खुश होता. पोरांच्या पाठीमागून चालत पडदे पाहायचा आणि त्याला ते दिसायचे.

पण त्याची नजर थांबलेली नव्हती. आम्ही अक्षराचं माप ठरवलं होतं. दिवाळीनंतर तो म्हणाला, "जरासं मोठं कर." केलं. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा मोठं केलं. मग एक दिवस म्हणाला, "आता लहान कर." मी चकित झालो. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं: मोठं केलं की एकच अक्षर नळीत मावतं, अर्धं अक्षर मावतं, शब्द लागत नाही. लहान केलं की शब्द मावतो, पण धूसर दिसतो. "मधातलं काही आहे काय पाह्य."

मधलं होतं. काही महिने होतं. मग ते मधलंही अरुंद होत गेलं. मी एक माप मोठं करायचो, तो नाही म्हणायचा. एक माप लहान करायचो, तो नाही म्हणायचा. शेवटी त्या दोन मापांच्या मधे माप उरलं नाही. तो पडद्यापुढे बसून मान हलवत होता, नळी इकडे तिकडे फिरवत, आणि मी माप बदलत होतो, आणि दोघांनाही कळलं होतं तरी आम्ही बराच वेळ ते चालू ठेवलं. मग तो म्हणाला, "राहू दे. पोट्ट्याईसाठी जे होतं तेच ठिव." आणि आम्ही घरी गेलो.

फळ्याचंही तसंच झालं होतं. मुलांना कधीपासून कळलं होतं ते मला माहीत नाही, पण ती सांभाळून घ्यायची. "सर, तिथे लिहिलेलं आहे," असं पुढच्या बाकावरची एखादी मुलगी हळूच सांगायची. तो आधीच्या गणितावर दुसरं गणित लिहायचा, मग पुसायचा. तोंडी गणित शिकवणं त्याचं इतकं चांगलं होतं की कोणाचं नुकसान होत नव्हतं. पण एका पालकानं खिडकीतून पाहिलं. मग दोन-तीन जण मिळून आले. भांडायला आले नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. हात जोडूनच बोलले: "सर चांगले आहेत, पन आमच्या लेकराईचं दहावीचं वर्स आहे."

मुख्याध्यापकांनी त्याला आत बोलावलं. मीही होतो. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "सर, मी काय करू सांगा. तुमचं डोळ्यांचं सर्टिफिकेट काढू, कायद्यानं तुमची नोकरी कोणाला घेता येणार नाही."

तो म्हणाला, "सर्टिफिकेटवर काय लिहितीन?"

मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला.

त्याला कम्प्युटरची खोली दिली. गणित काढून घेतलं. तिथे त्याच्या ओळखीचं सगळं ठरल्या जागेवर होतं, आणि कानाला हेडफोन लावून, न पाहता, तो मुलांना टायपिंग शिकवू लागला. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं. निवृत्तीपर्यंत असंच निभेल. मी त्यासाठी ती प्रणाली आणखी सुधारायला घेतली होती.

पुढच्या वर्षी शाळांना नवे कम्प्युटर देण्याची योजना आमच्याकडेही आली. नवी यंत्रं, नवी टेबलं, आणि कंत्राटावर शिकवणारा एक नवा माणूस. त्यांच्यावर ती सगळीकडे चालणारी प्रणाली होती, इंग्रजीतून. मागे निळं आकाश, बारीक बारीक अक्षरं. मी त्या माणसाला विचारलं, यावर आमची सीडी चालवून पाहता येईल का. तो म्हणाला, "करारात नाही सर. हात लावला तर वॉरंटी जाते." तोही खरंच बोलत होता. जुनी यंत्रं क्रीडासाहित्याच्या खोलीत गेली, लेझीम आणि फाटक्या गाद्यांच्या मागे. पालक खुश झाले. मुलंही खुश झाली. बाहेर जे असतं ते आता त्यांच्या शाळेत होतं. त्यात चूक काय म्हणणार?

त्या नव्या खोलीत माझा मित्र एकदाच गेला. खुर्चीत बसला, कीबोर्डवर बोटं ठेवली, कंट्रोलची कळ दाबली. काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबली. मग उठला. त्या वर्षाअखेर त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात तो दोन शब्द बोलायला उभा राहिला आणि लोक बसले होते त्याच्या जरा उजवीकडे पाहून बोलला.

मी मुख्याध्यापकांना सांगून एक जुनं यंत्र त्याच्या घरी नेलं. वडनेरला त्याच्या घरी पुढच्या खोलीत, पलंगाजवळ ते ठेवलं. पडदा ठेवलाच नाही, जागा कशाला अडवायची. नुसता डबा, कीबोर्ड आणि दोन छोटे स्पीकर. त्याच्यासाठी मी ती प्रणाली नव्यानं बांधली. या वेळी ठरवायचं सोपं होतं. रंग नाही, माप नाही, बाण नाही. चालू केलं की आवाज, एवढंच.

काही दिवस बरं चाललं. तो आठवणी लिहीत होता, वडिलांच्या, जिनिंगच्या. मी पेपरातला एखादा लेख रविवारी टाईप करून न्यायचो, मग यंत्र ते त्याला वाचून दाखवायचं. वहिनी आतून म्हणायच्या, "त्या पाहुन्याले आता मराठी येऊ लागली वाट्टे." पण भारनियमनाचे दिवस होते. वीज दिवसभर नसायची, यायची ती शेतातल्या मोटारींच्या वेळेला, कमी दाबानं. यंत्र मधेच बंद पडायचं आणि लिहिलेलं जायचं. त्याला ते लगेच कळायचं नाही. तो टाईप करत राहायचा आणि यंत्र गप्प असायचं. वहिनींनी मला सांगितलं की एकदा तो दुपारभर तसा बसला होता.

एक दिवस डिस्क गेली. खर्र खर्र करून थांबली. आठवणी गेल्या. मी दुसरी डिस्क आणली, सीडी घातली. सीडीवर ओरखडे पडले होते, ती अर्ध्यात अडकायची. मी मलकापूरला गेलो, नवी उतरवून घेऊ म्हणून. ज्यांनी ती लहान प्रणाली बनवली होती त्यांनी तोवर नवी आवृत्ती काढली होती, आणि तिला आमच्यासारखी जुनी यंत्रं चालत नव्हती. जुनी आवृत्ती त्यांनी काढून टाकली होती. दुसऱ्या एका हलक्या प्रणालीत बोलणारा प्रोग्राम वगळलेला होता, जागा वाचावी म्हणून. कुठेतरी दूर माझ्यासारखाच एक माणूस बसला असेल आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवत असेल. मला त्याचा राग आला नाही. मीही एकदा आवाज बंद ठेवायलाच निघालो होतो.

मी शाळेतलं दुसरं यंत्र मागायला गेलो, तर ती सगळी भंगारात दिली होती.

मित्राला सांगायला गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, सीडीचं, आवृत्तीचं, भंगाराचं. त्यानं ऐकून घेतलं. "जाऊ दे," म्हणाला. "तू लय केलं." मी म्हणालो, "आणखी पाहतो." तो म्हणाला, "नोको पाहू."

मध्ये बरीच वर्षं गेली. माझी निवृत्ती झाली. माझ्या मुलानं मला मोठ्या पडद्याचा मोबाईल दिला, आणि त्यातली सेटिंग चाळता चाळता एक दिवस मला दिसलं की तो मराठी वाचून दाखवतो, स्वच्छ मराठीत, बाईच्या आवाजात, काही न बसवता, कुठली सीडी न करता. ते आधीपासूनच त्यात होतं. मी तसाच उठलो आणि वडनेरला गेलो.

तो पलंगावर बसला होता. आता उजेड-अंधारही त्याला नीट कळत नव्हता. मी मोबाईल त्याच्या हातात दिला आणि त्या दिवसाचा पेपर लावला. बाई वाचू लागली. कपाशीच्या भावाची बातमी होती, मग पाणीपुरवठ्याची. तो मान खाली घालून ऐकत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. बातमी संपली तेव्हा म्हणाला, "चांगलं वाचते."

"तुझ्यासाठीच आणलाय. ठेव. मी शिकवतो कसा चालवायचा."

त्यानं मोबाईल चाचपडत माझ्या हातात परत दिला. "नोको."

"काऊन?"

"तवा आनला असता तं मी नाचलो असतो बे. आता नाही होत. दोन ओळी आयकल्या का ध्यानच राह्यत नाही. काय वाचलं तिनं आत्ता, मले सांगता नाही येनार." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. "अन् वाचून करू काय? कोनाले सांगू?"

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसली की नाही ते पाहिलं. मी मोबाईल खिशात ठेवला. मला वाटलं पुन्हा एकदा म्हणावं, आग्रह करावा, थोडं थोडं ऐक म्हणावं, सवय होईल. पण त्यानं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "तुह्या वावरात यंदा काय पेरलं?" मी सांगितलं, सोयाबीन. त्यानं मान हलवली आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.